बास्करव्हिल टंक: ओळखावा कसा, वापरावा कुठे

बास्करव्हिल हा सेरिफ असलेला, म्हणजे रेषांच्या टोकांना छोटे पाय असलेला, इंग्रजी टंक (फॉन्ट) आहे. बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल आधी सुलेखन शिकवत असे. पुढे व्हार्निश चढवलेल्या शोभिवंत वस्तूंच्या धंद्यात पैसा मिळाल्यावर १७५० च्या सुमारास तो मुद्रणाकडे वळला. त्याच्या टंकाचे पोलादी ठसे जॉन हँडी याने कोरले. त्यांतील बारीक रेषा कागदावर स्वच्छ उमटाव्यात म्हणून बास्करव्हिलने शाई अधिक काळी केली, छापलेले ताव तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत केले आणि १७५७ साली छापलेल्या रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यग्रंथात काही पानांना जाळीच्या रेघा नसलेला नवा कागद वापरला. टंक, शाई आणि कागद यांचा विचार त्याने एकत्रच केला होता. आजही हा टंक निवडताना तसाच करावा लागतो.

ओळखण्यासाठी प्रथम छोटा जी पाहावा: त्याचे खालचे वेटोळे पूर्ण मिटत नाही. मोठ्या क्यूचे शेपूट लांब व लपेटीदार असते आणि मोठ्या ईची खालची आडवी रेषा वरच्या रेषेपेक्षा पुढे जाते. ओ या अक्षराचा जाड भाग जवळजवळ उभा असतो, तर कॅस्लॉन या जुन्या टंकात तो कललेला दिसतो. बोडोनी या टंकात जाड-बारीक रेषांतला फरक याहून तीव्र असतो आणि पायही सपाट, धारदार असतात. बास्करव्हिलचे पाय मात्र वळण घेऊन रेषेला मिळतात.

पुस्तकाच्या मजकुरासाठी ११ पॉइंट (अक्षराचा आकार मोजण्याचे एकक) आकार आणि १४ ते १५ पॉइंटांचे ओळ-अंतर घेऊन सुरुवात करावी. ओळी दाटीवाटीने बसवल्यास या टंकाचे सौंदर्य हरवते, आणि पाने वाचवायची असतील तर दुसरा टंक शोधलेला बरा. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, तसेच काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत बारीक रेषा बुजतात. म्हणून या दोन्ही ठिकाणी तो लहान आकारात टाळावा. संगणकाच्या पडद्यासाठी विनामूल्य मिळणारा लिब्रे बास्करव्हिल वापरावा, कारण त्यात छोटी अक्षरे मुद्दाम उंच ठेवली असून १६ पिक्सेलच्या आसपास ती सहज वाचता येतात. तिरपी अक्षरे हवी असतील तर स्वतंत्र इटॅलिकच घ्यावा. संगणकाने सरळ अक्षरे नुसती कलवली तर लेखणीचे वळण त्यांत येत नाही.

मराठी पुस्तकात मधूनच इंग्रजी उतारा येतो, तेव्हा दोन्ही लिप्यांना एकच पॉइंट आकार देऊन भागत नाही. आधी देवनागरीचा आकार ठरवावा, मग इंग्रजीचा आकार अर्ध्या-अर्ध्या पॉइंटाने कमी-जास्त करून पानाचा काळेपणा सारखा दिसतो का ते नजरेने पाहावे. हे प्रूफ (तपासणीसाठीची छपाई) शक्यतो ज्या कागदावर पुस्तक छापायचे त्यावरच काढावे. कार्यालयातील लेसर प्रिंटरच्या गुळगुळीत कागदावर ठसठशीत दिसलेली रेषा खडबडीत कागदावर तुटू शकते.