एप्रिलात रवांडात असाल तर: स्मरणसभेला कसं जावं

ठिबक जोडायला, पंप बसवायला किंवा व्यापारासाठी खान्देशातून आफ्रिकेतल्या रवांडात गेलात आणि महिना एप्रिलचा असेल, तर ‘क्विबुका’ गाठ पडणारच. किन्यारवांडा भाषेत क्विबुका म्हणजे आठवण ठेवणं. ७ एप्रिलला सुरुवात होते आणि शंभर दिवस ती चालते. ७ ते १३ एप्रिल हा कडक दुखवट्याचा आठवडा. १९९४ साली याच शंभर दिवसांत तिथल्या तुत्सी समाजाची माणसं शोधून शोधून मारली गेली. काही ठिकाणी हा आकडा आठ लाखांहून अधिक दिला जातो, रवांडा सरकार दहा लाखांवर सांगतं.

राजधानी किगालीत गिसोझी इथल्या स्मारकावर राष्ट्राध्यक्ष ज्योत पेटवतात, तो कार्यक्रम निमंत्रितांचा. तुमचा संबंध येईल तो वस्तीवरच्या सभेशी किंवा कंपनीच्या कार्यक्रमाशी. वस्तीला तिथं ‘उमुदुगुदु’ म्हणतात आणि तिथल्या सभेला राहणारे सगळे जातात. तुम्ही भाड्यानं राहत असाल तरी त्यात आलात. घरमालकाला किंवा सोबतच्या कामगाराला आदल्या दिवशी एवढंच विचारा: किती वाजता, कुठं, आणि मी आलो तर चालेल ना?

जाण्याआधी एक शब्द पक्का करा. आपल्याकडे या घटनेला सर्रास ‘टोळीयुद्ध’ किंवा ‘वांशिक दंगल’ म्हटलं जातं. दोन्ही चूक. दंगलीत दोन बाजू भिडतात. इथं याद्या करून, रस्त्यांवर नाके लावून एका समाजाला संपवण्याचं काम झालं. तिथला अधिकृत शब्दप्रयोग ‘तुत्सींविरुद्धचा १९९४चा वंशसंहार’ असाच आहे. तो नाकारणं किंवा सौम्य करून सांगणं तिथं कायद्यानं गुन्हा आहे. हुतू हा तिथला दुसरा, बहुसंख्य समाज. आपल्याला गंमत वाटणारा ‘तू हुतू की तुत्सी?’ हा प्रश्न कधीच, कुणालाच विचारू नका. बेल्जियन राजवटीनं १९३०च्या दशकात ओळखपत्रावर हे शब्द छापले आणि नाक्यांवर तेच ओळखपत्र पाहून माणसं मारली गेली. आता ओळखपत्रावर तो रकाना नाही.

कपडे साधे, गडद किंवा राखाडी. पूर्वी दुखवट्याचा रंग जांभळा होता, आता राखाडी आहे. जांभळा अजूनही दिसतो, त्यानं बिघडत नाही. भडक लाल-पिवळा शर्ट, क्रिकेटची जर्सी, चकाकते दागिने नकोत. आपल्याकडे एप्रिलात पारा ४२-४३ला टेकलेला असतो, म्हणून माणूस पातळ कपडे घेऊन जातो आणि फसतो. किगाली समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि हे दिवस तिथं पावसाचे. स्वेटर, छत्री आणि चिखलात चालतील असे बंद बूट घ्या.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर तिथं २००८ पासून बंदी आहे. घरून बिबडे, शेवया, कळण्याचं पीठ नेणार असाल तर कापडी पिशवीत भरा. सभेला फुलं न्यायची तर प्लास्टिक न गुंडाळता न्या. ७ तारखेला सुट्टी असते आणि सभेच्या वेळेत दुकानंही बंद, त्यामुळे भाजी-पाणी आदल्या दिवशीच आणून ठेवा.

सभेत साधारण मौन, फुलं वाहणं, मेणबत्त्या, गाणी, साक्ष आणि भाषण असतं. कधी आधी आठवणीची पायी फेरी असते. दोन-तीन तास सहज जातात. बहुतेक सगळं किन्यारवांडात. शेजाऱ्याला मध्येच अर्थ विचारत बसू नका, नंतर विचारा. मागच्या बाजूला, कडेला बसा. फोन बंद करून खिशात. फोटो तर नाहीच. स्मारकांच्या आतही परवानगीशिवाय फोटो काढू देत नाहीत.

सगळ्यात जड भाग साक्षीचा. वाचलेली व्यक्ती उभी राहून आईबाप, भावंडं कशी गेली ते सांगते. ऐकता ऐकता गर्दीतली एखादी बाई अचानक किंचाळते, कुणी कोसळतं, कुणाला तो दिवस पुन्हा डोळ्यांपुढं दिसू लागतो. अशा वेळी धावून जाऊन हात धरू नका, पाणी तोंडाला लावू नका, वळून पाहत राहू नका. त्यासाठी शिकवलेले स्वयंसेवक तिथं असतात आणि ते त्या माणसाला शांतपणे बाजूला नेतात. तुम्ही वाट द्या, एवढी मदत पुरे.

कुणी गेलं की आपण दुःखाच्या घरी दारावर जातो, तेव्हा काय करतो? गुपचूप बसतो, घरचे बोलले तर ऐकतो, निघताना ‘येतो’ म्हणत नाही. तेच वळण इथं चालतं. कुणाशी बोलावंच लागलं तर ‘म्विहांगाने’ म्हणा, म्हणजे धीर धरा. ‘कोमेरा’ म्हणजे खंबीर राहा. ‘आमच्याकडेही असं झालं होतं’ ही तुलना नको. ‘माफ केलंत का?’ हेही नको. कोण मारेकऱ्याच्या शेजारी राहतं, हे तुम्हाला माहीत नसतं.

गुढीपाडवा किंवा रामनवमी त्या आठवड्यात आली तर पूजा घरातल्या घरात करा. स्पीकर, अंगणातलं जेवण, लग्नाची वरात मोबाइलवर मोठ्यानं लावणं, हे सगळं टाळा. १३ तारखेनंतर व्यवहार पूर्ववत होतात, पण शंभर दिवस संपलेले नसतात.

शेतात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. इतक्या वर्षांनंतरही तिथं जमिनीखाली अवशेष सापडतात. पाइपलाइनची चारी खणताना हाड, कापडाचा तुकडा किंवा चपला एका जागी दिसल्या, तर फावडं तिथंच ठेवा. उचलून पाहू नका, माती परत लोटू नका, फोटो काढू नका. मजुरांना लांब थांबवा आणि वस्तीच्या प्रमुखाला ताबडतोब बोलवा. काम काही दिवस अडकेल, मालकाला तसं स्पष्ट सांगा. त्या मातीत कुणाचा तरी बाप असतो आणि घरचे १९९४ पासून त्याला शोधत असतात. पुढं अवशेष सन्मानानं स्मारकात ठेवायचा विधी होतो. त्याला बोलावणं आलं तर सुट्टी टाकून जा.