मुलांशी नैतिक पेचाविषयी कसे बोलावे

‘चोरी करणे वाईट’ असे मुलाने म्हटले की आपण निश्चिंत होतो आणि विषय तिथेच संपवतो. परंतु चार वर्षांचे मूल आणि चाळीस वर्षांचा माणूस हे दोघेही हेच वाक्य बोलतात. त्यांच्यातील अंतर त्या वाक्यामागच्या कारणात असते. म्हणून अशा चर्चेत ‘का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.

मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ साली शिकागो विद्यापीठातील आपल्या प्रबंधासाठी नेमके हेच केले. मरणासन्न पत्नीसाठी न परवडणारे औषध हाइन्झ नावाच्या नवऱ्याने चोरावे की नाही, असा पेच त्यांनी १० ते १६ वर्षे वयाच्या मुलग्यांपुढे ठेवला आणि होकार-नकाराऐवजी कारणे तपासून त्यांचे तीन स्तर पाडले. ‘पकडला गेला तर तुरुंगात जाईल’ हे कारण पहिल्या स्तरावरचे. ‘चांगला नवरा एवढे करीलच’ किंवा ‘प्रत्येकाने कायदा मोडला तर समाज चालणार कसा’ ही दुसऱ्या स्तरावरची. आणि कायदाही ज्या मूल्यांवर तोलून पाहायचा त्यांचा विचार तिसऱ्या स्तरावरचा. बहुतेक प्रौढ माणसे दुसऱ्या स्तरावरच राहतात, हे पालकांनी स्वतःविषयीही ध्यानात ठेवलेले बरे.

पेच वयाला साजेसा निवडावा. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या १९३२ सालच्या ग्रंथातील जोडकथा आजही उपयोगी पडते. एक मुलगा दार ढकलतो आणि दारामागे ठेवलेले पंधरा कप त्याच्या नकळत फुटतात. दुसरा आई घरात नसताना जॅम काढण्यासाठी चढतो आणि त्याच्याकडून एक कप फुटतो. अधिक चूक कोणाची, असे विचारले तर लहान मुले बहुधा पंधरा कपांकडे बोट दाखवतात, आणि नऊ-दहाव्या वर्षाच्या सुमारास हेतूला महत्त्व येऊ लागते. (महागडी बरणी फुटल्यावर आपला आवाज किती चढतो हे आठवले, तर लहान मुलांना हसण्याचे कारण उरत नाही.)

पहिले कारण ऐकल्यावर गोष्टीतील एकच तपशील बदलून पुन्हा विचारावे: मरणासन्न बाई हाइन्झची पत्नी नसून कोणी अनोळखी असती तर? नियमांविषयी बोलताना मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल यांच्या संशोधनातील प्रश्न फार कामाचा आहे: ‘बाईंनी परवानगी दिली, तर दुसऱ्याला मारलेले चालेल का? आणि गणवेश न घालता आलेले?’ शाळेत नुकती जाऊ लागलेली मुलेही दुसऱ्या गोष्टीला सहज होकार देतात आणि पहिलीला बहुधा ठाम नकार देतात. तेव्हा ‘मोठ्यांनी सांगितले म्हणून’ एवढेच कारण लहान मुलांना कळते, असे समजून बोलू नये.

आपले मत मांडताना मुलाच्या कारणाहून एकच पायरी वर राहावे, कारण फार वरचा युक्तिवाद मुलाला केवळ उपदेश वाटतो. कॉपी करणाऱ्या मैत्रिणीचे नाव सांगावे का, या प्रश्नावर मुलगी शिक्षेच्या भीतीने बोलत असेल, तर राज्यघटनेतील समतेपर्यंत जाऊ नये. रात्रभर अभ्यास करून आलेल्या तिसऱ्या मुलीला काय वाटेल, एवढेच विचारावे. मैत्री तुटेल म्हणून ती अडखळली, तर ते कारण हिणकस मानू नये. कोलबर्ग यांच्या मूळ अभ्यासात केवळ मुलगे होते, आणि काळजी व नातेसंबंध यांतून होणारा नैतिक विचार त्या मोजपट्टीवर अकारण खाली ढकलला जातो, असा आक्षेप मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली घेतला. तो गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

ही चर्चा मूल चूक करताना सापडले असेल त्या दिवशी मात्र टाळावी. त्या वेळी त्याची सारी बुद्धी स्वतःचा बचाव करण्यात गुंतलेली असते, आणि जी कारणे ऐकू येतात ती त्याच्या नेहमीच्या विचाराची नसतात.