नष्ट केलेल्या दप्तराची नोंदवही कशी ठेवावी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला गाळा असो की महाप्याच्या एमआयडीसीतला कारखाना, पोटमाळ्यावर जुन्या फायलींची खोकी असतातच. पावसाळ्यात त्यांना दमट वास येतो आणि दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी ती रद्दीवाल्याला देऊन मोकळं होतं. पुढे जीएसटीची नोटीस आली की शोधाशोध सुरू: फाइल हरवली, की टाकली? टाकली तर कुणाला विचारून? याचं उत्तर कागदावर असावं म्हणून ही नोंदवही.

आधी मुदत पाहा. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजलंत तर चुकाल. 2018-19 च्या विवरणपत्राची मुदत वाढत वाढत 31 डिसेंबर 2020 झाली होती, म्हणजे ते दप्तर 31 डिसेंबर 2026 पर्यंत हलवायचं नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायद्यानुसार मागच्या आठ आर्थिक वर्षांची हिशेबवही, व्हाउचरसकट. जी मुदत उशिरा संपते ती धरा. संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं आणि सभासदांचं रजिस्टर मात्र कायम ठेवायचं. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्या विषयाचा एक कागदही हलवू नका. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी दस्तऐवज नष्ट करणं भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. यादी सीएला दाखवून त्यांचं उत्तर मेलवर घ्या. फोनवरचं ‘चालेल’ कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग वही उघडा. पानांवर छापील क्रमांक असलेली, शिवलेली वही घ्या. एक्सेल शोधायला सोपं, पण त्यात मागची तारीख टाकणंही तितकंच सोपं. रकाने असे: अनुक्रमांक, खोक्याचा क्रमांक, तपशील, कालावधी, कोणत्या नियमाने मुदत संपली, मंजुरी कुणाची, नष्ट केल्याची तारीख, पद्धत, दोन सह्या. तपशिलात ‘जुने कागद’ लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच. ‘खरेदी बिलं, एप्रिल 2014 ते मार्च 2015, तीन फायली’ असं हवं.

नोंद आधी, कागद नंतर. मंजुरीची सही झाल्याशिवाय खोकं जिन्यावरून खाली येऊ देऊ नका. पगारपत्रकं, आधारच्या झेरॉक्स, कोरे चेक रद्दीत कधीच नकोत. बारीक तुकडे करणारं श्रेडर वापरा. बाहेरच्या एजन्सीला काम दिलं तर तिचं प्रमाणपत्र त्याच अनुक्रमांकाखाली चिकटवा. टॅलीचा बॅकअप, पेन ड्राइव्ह, मेलमधल्या प्रती यांचंही त्याच ओळीत लिहा: पुसल्या, की ठेवल्या?

आपोआप गेलेलं दप्तर. 26 जुलै 2005 च्या पुरासारखं पाणी शिरलं, आग लागली, वाळवी लागली, तर वहीच्या शेवटच्या पानांवर वेगळा भाग करा. काय गेलं, कधी लक्षात आलं, फोटो कुठे आहेत, विमा कंपनीला आणि पोलिसांना कधी कळवलं. शेजारी एक रकाना ‘परत मिळवलं’ असा ठेवा. बँकेचे उतारे, पुरवठादारांकडून घेतलेल्या बिलांच्या प्रती, जीएसटी पोर्टलवरून उतरवलेली विवरणपत्रं जशी हाती येतील तशी तिथे तारखेसह भरत जा.