दोर ओढत शिका जहाजावरचं समूहगान

आमच्या खानापूरच्या भजनी मंडळातल्या निम्म्या बायकांनी समुद्र बघितलेला नाही. तरी शिडाच्या जहाजावरची गाणी त्यांना आठ दिवसांत आली, कारण मी आधी गाणं दिलंच नाही. दोर दिला.

आंब्याच्या दणकट फांदीवरून मोटेचा जुना नाडा टाका. एका टोकाला वाळूचं अर्धं पोतं, दुसरं टोक पाचसहा जणींच्या हातात. शेवटच्या बाईनं खोडाला एक वेढा देऊन उभं राहायचं, म्हणजे पोतं मागं घसरत नाही. पोत्याखाली कुणी थांबायचं नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी बोलणारे खलाशी असंच शीड चढवायचे. एकजण ओळ टाकायचा, त्याला शांटीमन म्हणत. बाकीचे उत्तर द्यायचे आणि उत्तरातच ओढायचे, बहुधा दोनदा. म्हणजे आपले बुवा आणि टाळकरीच की! मी ओळ स्वतः जुळवली:

बुवा: वारा आला पश्चिमेचा
सगळ्या: ओढ गं, शीड ओढ!

दोन्ही ‘ओढ’वर हिसका. बुवाची ओळ चालू असताना दम घ्यायचा. हा दम हातांना कळला की लय पळत नाही. नुसतं उभं राहून गायलं तर पळतेच; पहिल्या दिवशी आमची पळाली. तोवर पेटी-तबला बाजूला ठेवा. पट्टी सगळ्यात खालच्या आवाजाच्या बाईला झेपेल ती.

दुसरी जात नांगर उचलण्याच्या गाण्यांची. आपल्याला नांगर म्हटलं की शेत आठवतं, पण जहाजाचाही नांगरच. तो वर घ्यायला उभ्या रहाटाला दांडे लावून खलाशी गोल फिरत. गुऱ्हाळाच्या चरकाभोवती पूर्वी बैल फिरायचे तसं बायकांना फिरवा, पावलागणिक ठेका. इथं हिसका नाही, सलग चाल. म्हणून धृपद लांब ठेवा. दोघी-तिघींनी खाली नुसता ‘सा’ धरला तरी आवाज भरतो.

मोठ्या गायकवृंदाचा समुद्र ऐकायचा असेल तर इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सची १९१० साली लीड्सला पहिल्यांदा झालेली सी सिम्फनी ऐकवा, पण शेवटी. आधी ऐकवली तर बायका दबून गातात.

आठव्या दिवशी नाडा सोडून घ्या. ‘ओढ’ आलं की खांदे तरी मागं जातील. जाऊ द्या, मंचावरही.