कपाट आवरायचं ते नंतर आवरा

भूकंप, पूर, वादळ झालं की मी मदत केंद्रात आलेला माल निवडायला बसते. गोणी उघडली की आधी ओल्या कपड्यांचा कुबट वास येतो. मग आतून निघतो एकाच पायाचा बूट, चेन तुटलेला कोट आणि अर्धी संपलेली, झाकण चिकटून बसलेली खोकल्याच्या औषधाची बाटली. हे निवडायला माणसं लागतात, ठेवायला कोरडी जागा लागते आणि शेवटी टाकायला पुन्हा गाडी. एवढ्या वेळात तीच माणसं तंबू ठोकत असती.

म्हणून पैसे द्या. पैशाला ट्रक लागत नाही, आणि जवळचा बाजार सुरू असेल तर तिथल्याच दुकानदाराचा धंदा पुन्हा उभा राहतो. घरातली औषधं तर पाठवूच नका. १९९२ ते १९९६ च्या युद्धकाळात बोस्नियात पोचलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी होती, असा अंदाज आहे. ती नष्ट करण्याचा खर्च वेगळाच.

पैसे कुणाला द्यायचे? आपत्तीच्या आधीपासून तिथे काम करणाऱ्या संस्थेला. फोन करून विचारा: तुमची माणसं आत्ता कुठे आहेत, गरजूंची यादी कुणी केली, मागच्या वेळचा हिशेब कुठे बघायला मिळेल? ‘व्यवस्थापनावर शून्य खर्च’ म्हणणाऱ्यांपासून मी दोन हात लांबच राहते. वाटायला जाणाऱ्याला गाडीभाडं लागतंच की! व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पैसे टाकू नका, खातं संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या.

‘याच आपत्तीसाठी’ अशी अटही शक्यतो घालू नका. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर दहा-बारा दिवसांतच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेने पुरेसे पैसे जमले म्हणून त्या कामासाठी देणग्या घेणं थांबवलं आणि आलेला जादा निधी दुसरीकडे वापरायची परवानगी देणगीदारांकडे मागितली. ‘गरज असेल तिथे वापरा’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

सगळी रक्कम पहिल्याच आठवड्यात देऊ नका. अर्धी मागे ठेवा. बातम्या थांबल्या की मदतीचा ओघ आटतो, आणि घरं बांधायचं काम तेव्हा कुठे सुरू होतं.

एवढं करूनही संस्थेने वस्तूच मागितल्या, तर यादीतल्याच द्या, नव्या द्या. एका खोक्यात एकच प्रकार. बाहेर ठळक अक्षरात वस्तू, माप आणि नग लिहा, वरच्या बाजूला नको, दोन उभ्या बाजूंवर; खोकी एकावर एक रचली की वरचं काही दिसत नाही.