अठरा आणि वीस एकच निघाले

आमच्या आजोबांना मामाचीच मुलगी केली होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक. पण त्याचा हिशेब कसा लागतो, ते मी निवृत्त झाल्यावर चौकटीची वही घेऊन बसले तेव्हा कळलं. मी शाळेत गणित शिकवायचे, तेवढं भांडवल पुरलं.

आधी माणसांना नंबर द्या. स्वतः १. कुणाच्याही नंबरची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. वडील २, आई ३, आजोबा ४, आजी ५. खापरपणजोबा-खापरपणजींची पिढी १६ ते ३१.

मग एकच माणूस दोन नंबरांवर बसलंय का, ते शोधा. सगळा वेळ इथे जातो, आणि तो बायकांपायी. माझी ९ नंबरची पणजी सासरच्या कागदात रमाबाई, माहेरच्या यादीत ठकू. महिनाभर मी त्यांना दोन बाया समजत होते! म्हणून प्रत्येकीपुढे माहेरचं आडनाव, गाव आणि भावांची नावं लिहाच. रमाबाईंचा भाऊ सापडला तो माझा १० नंबर, आजीचे वडील. म्हणजे १८ आणि २० एकच, १९ आणि २१ एकच. चौकटी सोळा, माणसं चौदा.

आता नात्याचा अपूर्णांक, म्हणजे दोन नातेवाइकांत जनुकांचा किती वाटा सामाईक. अमेरिकेचे जनुकशास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी ही रीत १९२२ मध्ये मांडली. एका माणसापासून सामाईक पूर्वजापर्यंत वर चढा, दुसऱ्याकडे खाली उतरा आणि पायऱ्या मोजा. दर पायरीला निम्मं. आजोबा, त्यांची आई, १८ नंबर, आजीचे वडील, आजी: चार पायऱ्या, म्हणजे १/१६. तसाच १९ मधून आणखी एक रस्ता. बेरीज १/८. एका रस्त्यात एक माणूस दोनदा घ्यायचं नाही, आणि नवरा-बायको मिळून एक रस्ता धरायचा नाही. माझी पहिली चूक तीच. यातलं निम्मं, १/१६, हा वडिलांचा अंतर्विवाहाचा अंक, म्हणजे आई-बाप दोघांकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक मिळण्याची शक्यता. सापडलेल्या पिढ्यांत तरी आईचं घराणं वडिलांकडे कुठे जुळत नाही, म्हणून माझा शून्य धरला. १८ नंबरचा वाटा माझ्या जनुकांत सरासरी १/८. एरवी खापरपणजोबांचा १/१६ असतो.

‘आमच्यात असं नाही’ म्हणणाऱ्यांनी ३० वेळा दुप्पट करून बघावी: १०७ कोटींवर चौकटी. पिढीला २५ वर्षं धरली तर हा ज्ञानेश्वरांचा काळ, आणि तेव्हा सगळ्या जगात ५० कोटीही माणसं नव्हती. चौकटी भरायला तीच माणसं पुन्हा पुन्हा लागतात.

माझ्या वहीत ३६ आणि ३७ पुढे अजून पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे. सापडले की ४० आणि ४१ फुकटात.