ग्रह ‘पोकळ’ ठरवण्याआधी या चुका टाळा

आकाशदर्शनाच्या शिबिरात दरवर्षी एकजण तरी मला चंद्र आतून पोकळ असल्याचं पटवून द्यायला येतो. पूर्वी मी वाद घालायचो. आता कागद-पेन पुढे सरकवतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो व्यासाचा. एकदा अकरावीतल्या मुलाने चंद्राची घनता काढली, ०.४२. पाण्यापेक्षाही हलका! रात्री साडेअकराला अख्खा गट दुर्बीण सोडून ‘आत कुणी राहत असेल का’ यावर बोलत बसलेला. मी वही मागितली. पठ्ठ्याने त्रिज्येच्या जागी सरळ व्यास घातलेला, ३४७४ किलोमीटर. दुपटीचा घन आठपट, त्यामुळे घनता आठपट कमी. नीट मांडलं तर घनसेंटीमीटरला ३.३४ ग्रॅम येतात, म्हणजे चांगला ठोस दगड. मोबाइलवर एका फटक्यात उत्तर काढणाऱ्यांचं हे असंच होतं. माझी सवय सांगतो: सूत्र आधी पृथ्वीवर चालवून पाहायचं. ५.५ आलं नाही तर पुढे जायचंच नाही. आणि पायाखालचा खडक २.७ च्या आसपास असताना सरासरी ५.५ येते, तर आत पोकळी नाही, वरच्यापेक्षा जड माल भरलाय.

‘चंद्र घंटेसारखा वाजला’ हा दुसरा लाडका पुरावा. २० नोव्हेंबर १९६९ ला अपोलो १२ चं रिकामं यान मुद्दाम चंद्रावर आदळवलं, कंपनं तासभर टिकली. खरंच टिकली. पण तिथला खडक कोरडा ठणठणीत आणि भेगाळलेला. कंपनं जिरवायला पाणी नाही, म्हणून ती भेगांमध्ये इकडून तिकडे फिरत राहतात. ‘पोकळ चंद्रा’च्या व्हिडिओत हे सांगत नाहीत.

कवच की भरीव, हे बघायला जडत्वाचा गुणांक बघा, म्हणजे वस्तुमान मध्याकडे आहे की कडेला हे सांगणारा आकडा: पातळ कवचाला ०.६७, एकसारख्या भरीव गोळ्याला ०.४, चंद्राला ०.३९३. विषय संपला.

लघुग्रहांत मात्र जागा रिकामी असते, पण गुहेसारखी नव्हे. बेन्नू या लघुग्रहाची घनता जेमतेम १.१९. तो खडीचा ढीग आहे, दगडांमधल्या फटी म्हणजेच त्याची पोकळी. ऑक्टोबर २०२० मध्ये नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने नमुना घ्यायला तिथे यांत्रिक हात टेकवला, तर तो जवळपास अर्धा मीटर आत रुतला.